खाकीतले दंडाधिकारी

2022 च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं. पुण्यात होतं तसंच झालं. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग जिन्यात, आणि शेवटी गेटपाशी कॉलर धरण्यापर्यंत. मी सोडवायला मध्ये पडलो, म्हणजे माझ्या मते तरी सोडवायला. दोन्ही बाजूंनी चौकीत जाऊन एकमेकांविरुद्ध एनसी नोंदवल्या आणि त्यात माझंही नाव आलं. पाचेक आठवड्यांनी घरी नोटीस आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 नुसार, तुम्ही वर्षभर शांतता राखाल असं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये, याचं कारण दाखवा. खाली सही आणि गोल शिक्का : विशेष कार्यकारी दंडाधिकारी.

दंडाधिकारी म्हणजे मॅजिस्ट्रेट आणि मॅजिस्ट्रेट म्हणजे कोर्ट, एवढंच माझं ज्ञान. ऑफिसात सुट्टी टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, शिवाजीनगर कोर्टापाशी गाडी लावायला जागा मिळणार नाही म्हणून रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर नोटीस पुन्हा वाचली, तर पत्ता कोर्टाचा नव्हताच. तो सहायक पोलिस आयुक्तांच्या कार्यालयाचा होता.

आत टेबलामागे खाकी गणवेशातले साहेब. शेजारी आमच्याच पोलिस ठाण्याचा हवालदार माझी फाइल घेऊन उभा. ते ठाणं या साहेबांच्याच हाताखाली येतं. म्हणजे माझ्याविरुद्ध अहवाल तयार करणारे पोलिस, तो मांडणारे पोलिस, आणि तो ग्राह्य धरायचा की नाही हे ठरवणारेही पोलिस. साहेब सौजन्याने वागले, हे आधीच सांगून टाकतो. ‘शिकलेली माणसं तुम्ही, कशाला भांडता’ म्हणाले. मी मान हलवली. ऑफिसातला मित्र जामीनदार म्हणून सोबत आला होता, त्याची पगाराची स्लिप जोडली आणि अर्ध्या तासात बाहेर पडलो.

माझ्या आधी एक मुलगा आत गेला होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याच्यावर कलम 110 चा प्रस्ताव होता, म्हणजे सवयीचा गुन्हेगार असल्याचा. सोबत त्याची आई होती, आणि आईने जामीनदार म्हणून एक इस्त्रीवाले काका आणले होते. काकांचं स्वतःच्या नावावर घर नव्हतं, म्हणून ते चालेनात. हा सगळा संवाद मी बाकड्यावर बसून ऐकला. माझ्या हातात मित्राची सॅलरी स्लिप होती आणि पहिल्यांदाच तो कागद हातात धरून मला लाज वाटली.

त्या मुलाने काय केलं होतं हे मला माहीत नाही. कदाचित बरंच काही केलं असेल. माझं म्हणणं त्या मुलाबद्दल नाही, त्या टेबलामागच्या खुर्चीबद्दल आहे. ती खुर्ची पोलिसांकडून काढून घेतली पाहिजे.

आपल्याला ही खुर्ची दिसतच नाही, कारण कोण कुठे बसतं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. 19 मे 2024 ची कल्याणीनगरची पोर्शे गाडी आठवा. दोन तरुण इंजिनिअर मेले, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटीत 300 शब्दांचा निबंध आला. त्या आठवड्यात पुण्यातल्या प्रत्येक फोनवर ‘जज’ या शब्दाला शिव्या होत्या. मीही दोन मीम फॉरवर्ड केले. पण तो आदेश देणारे गृहस्थ न्यायाधीश नव्हते आणि मॅजिस्ट्रेटही नव्हते. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. त्या दिवशी रविवार होता, मंडळाची बैठक नव्हती, आणि अशा वेळी मुलाला एकट्या सदस्यासमोर हजर करता येतं. हजर केलं गेलं ते एका बिगरन्यायिक सदस्यासमोर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन्ही बिगरन्यायिक सदस्यांची नियुक्ती रद्द केली, तेव्हा ती बातमी कुणी फॉरवर्ड केलेली मला आठवत नाही. संताप खरा होता, पण कोणत्या खुर्चीवर करायचा हे ठाऊक नव्हतं.

या गोंधळाला थोडी आपली भाषाही जबाबदार आहे. न्यायाधीश, न्यायमूर्ती, न्यायदंडाधिकारी, कार्यकारी दंडाधिकारी, विशेष कार्यकारी दंडाधिकारी, विशेष कार्यकारी अधिकारी. यातला शेवटचा म्हणजे गल्लीतला पक्षाचा कार्यकर्ता, ज्याच्याकडे आपल्या आईवडिलांनी झेरॉक्सवर शिक्के मारून घेतले. एकेकाळी त्यालाही विशेष कार्यकारी दंडाधिकारीच म्हणत. तहसीलदारही दंडाधिकारी. डोमिसाइलच्या दाखल्यावर ‘तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी’ असं लिहिलेलं असतं, अ‍ॅडमिशनच्या वेळी ते वाचून मला वाटलं होतं की साहेबांना दोन पगार असतील.

या शब्दांकडे माझं नीट लक्ष गेलं ते एका बगमुळे. आमचा एक क्लायंट स्पेनचा आहे. कर्जवसुलीच्या खटल्यांची नोंद ठेवणाऱ्या एका स्क्रीनवर आमच्यापैकी कुणीतरी स्पॅनिश ‘माहिस्त्रादो’चं इंग्रजी सरळ ‘मॅजिस्ट्रेट’ करून टाकलं होतं. माद्रिदहून तिकीट आलं, प्रायॉरिटी हाय. मी वैतागलो, एका शब्दासाठी हाय? मग वाचत गेलो तसं कळलं की चूक छोटी नव्हती. आपल्याकडे मॅजिस्ट्रेट ही फौजदारी न्यायालयांची सगळ्यात खालची पायरी. स्पेनमध्ये उलटं. तिथे परीक्षा देऊन, बार्सिलोनाच्या न्यायिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला माणूस आधी ‘हुएस’ म्हणजे न्यायाधीश होतो, आणि बढती मिळाली की ‘माहिस्त्रादो’. सर्वोच्च न्यायालयात बसणारेही माहिस्त्रादोच. आम्ही स्पेनच्या वरिष्ठ न्यायाधीशांना तालुक्याच्या कोर्टात आणून बसवलं होतं.

बग दुरुस्त केला, पण वाचन थांबलं नाही. कारण त्याच वाचनात मला ‘हुएस दे इन्स्त्रुक्सिओन’ भेटला, तपास करणारा न्यायाधीश. आपल्याकडे गुन्ह्याचा तपास पोलिस करतात आणि न्यायदंडाधिकारी रिमांडच्या वेळी तो तपासून बघतो, निदान बघावा अशी अपेक्षा असते. स्पेनमध्ये गंभीर गुन्ह्याच्या तपासाची सूत्रं न्यायाधीशाच्या हातात असतात आणि पोलिस त्याच्या आदेशाने काम करतात. 1998 मध्ये चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे लंडनमध्ये पकडला गेला, तो बाल्तासार गार्सोन या अशाच एका स्पॅनिश तपासी न्यायाधीशाच्या आदेशावरून. केवढी ही ताकद! पण मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्या गोष्टीने. पिनोशे माद्रिदला आला असता, तरी गार्सोन त्याच्या खटल्याचा निकाल देऊ शकला नसता. जो तपास करतो त्याने निवाडा करायचा नाही, असा तिथे नियम आहे.

हा नियम तिथेही आयता मिळालेला नाही. फ्रँकोच्या हुकूमशाहीनंतर स्पेनने 1980 मध्ये एक कायदा करून कमी गंभीर गुन्ह्यांत एकाच न्यायाधीशाला तपास आणि निकाल दोन्ही करायची मुभा दिली. कारण तेच, जे आपण रोज ऐकतो : खटले फार, न्यायाधीश थोडे, काम लवकर व्हायला हवं. जुलै 1988 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मुद्दा साधा होता. ज्याने पुरावा गोळा केला, आरोपीला प्रश्न विचारले, कोठडीचा निर्णय घेतला, त्याचं मत निकालाआधीच तयार झालेलं असतं. तो माणूस वाईट असायची गरज नाही, तो फक्त माणूस असला तरी पुरे. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि निकाल देण्यासाठी वेगळी फौजदारी न्यायालयं काढली. सहा महिन्यांत.

चिलीत तर कहर होता. तिथे एकच न्यायाधीश तपास करायचा, आरोप ठेवायचा आणि शिक्षाही द्यायचा. डिसेंबर 2000 मध्ये दोन प्रांतांपासून त्यांनी नवी पद्धत सुरू केली आणि जून 2005 मध्ये राजधानी सांतियागोत आणली. आता तपास सरकारी वकील करतो, निकाल तीन न्यायाधीश देतात, आणि मधल्या काळात अटक, झडती, कोठडी यांवर लक्ष ठेवायला ‘हुएस दे गारान्तिया’ असतो, हमीचा न्यायाधीश. हमी कुणाची, तर नागरिकाच्या हक्कांची. आपल्याकडे हमी आरोपीकडून मागतात, जामीनदारासकट.

स्पेनचे गोडवे गायचे नाहीयेत. अटकेनंतर न्यायाधीशासमोर नेण्यासाठी त्यांची घटना 72 तास देते, आपली 24. तिथे आपण पुढे आहोत. गंमत म्हणजे, स्पेनमध्ये महापौराला ‘अल्काल्दे’ म्हणतात आणि तो शब्द अरबी ‘अल-काझी’वरून आला आहे, म्हणजे आपलाच काझी. कित्येक शतकं गावचा कारभारी आणि गावचा न्यायाधीश हा तिथे एकच माणूस होता. हळूहळू त्यांनी कारभार आणि न्याय वेगळे केले, नाव तेवढं मागे राहिलं.

आपणही वेगळे करायला निघालो होतो. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचा कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट. करही तोच गोळा करणार, पोलिसांवर वचकही त्याचाच आणि शिक्षाही तोच देणार. काँग्रेसने 1886 च्या कलकत्ता अधिवेशनातच हे तोडा असा ठराव केला. इंग्रजांनी तोडलं नाही, त्यांना ते सोयीचं होतं. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या अनुच्छेद 50 मध्ये न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्याचं उद्दिष्ट आलं. यात आपण, म्हणजे तेव्हाचं मुंबई राज्य, पुढे होतो. 1951 मध्येच इथे तसा कायदा झाला. देशाला तिथे पोचायला 1974 उजाडलं. त्या वर्षी 1 एप्रिलला लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दंडाधिकाऱ्यांचे दोन गट केले : उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखालचे न्यायदंडाधिकारी आणि सरकारच्या नियंत्रणाखालचे कार्यकारी दंडाधिकारी. पुरावा तोलायचा असेल, कुणाला शिक्षा किंवा कोठडी होणार असेल, तर ते काम न्यायदंडाधिकाऱ्याचं. परवाने देणं, परवाने रद्द करणं असली प्रशासकीय कामं कार्यकारी दंडाधिकाऱ्याची.

त्या संहितेत कलम 110, म्हणजे ज्याखाली तो मुलगा उभा होता ते, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे होतं. खऱ्या कोर्टाकडे. 1980 च्या दुरुस्तीने 108, 109 आणि 110 ही कलमं तिथून काढली आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दिली. मी आज जे मागतोय ते या देशात सहा वर्षं चालू होतं. आकाश कोसळलं नाही.

उरलेलं काम आयुक्तालयांनी केलं. कायद्यात पोलिस आयुक्ताला कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार देण्याची सोय होती, विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमायचीही सोय होती, आणि महाराष्ट्राने या सोयी भरभरून वापरल्या. म्हणून भोर तालुक्यातल्या गावात दोन भाऊ बांधावरून भांडले तर ते तहसीलदारासमोर उभे राहतात आणि कोथरूडमध्ये दोन शेजारी पार्किंगवरून भांडले तर पोलिसांसमोर. तहसीलदार काही न्यायाधीश नाही, पण निदान त्याने तुमच्यावर प्रस्ताव तरी पाठवलेला नसतो. शहरात राहायला आलं की माणसाचे हक्क वाढायला हवेत, की कमी व्हायला?

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. वसाहतवादी कायदे जाणार, असं ढोल वाजवून सांगितलं गेलं. 107 चं 126 झालं, 110 चं 129 झालं. आणि विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या कलम 15 मध्ये एक नवी गोष्ट आली : पोलिस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्याला या पदावर नेमता येईल, असं थेट लिहिलं गेलं. शहरात हा दर्जा म्हणजे उपायुक्त. खुर्ची एका पायरीने वर गेली, एवढाच काय तो फरक. जे आधी अधिसूचनांच्या आडोशाने चालायचं, ते आता कायद्याच्या शब्दांत बसलं. इंग्रजांच्या काळात दंडाधिकारी निदान कलेक्टर तरी होता.

मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे ‘मेकर-चेकर’ नावाची एक गोष्ट असते. ज्याने व्यवहार भरला, त्याला तो मंजूर करता येत नाही. दुसऱ्या लॉगिनने, दुसऱ्या माणसानेच मंजूर करायचा. शाखेत एकच माणूस हजर असेल तर व्यवहार अडकून राहतो, ग्राहक शिव्या घालतो, तरी सिस्टिम ऐकत नाही. तो क्लार्क चोर आहे असं कुणी समजत नाही. आणि एक बारीक गोष्ट : चेकर हा मेकरच्या हाताखालचा किंवा वरचा असला तर फारसा उपयोग नाही, दोघांचं टार्गेट एक असलं तर अजिबातच नाही. आता आयुक्तालयाकडे बघा. गणेशोत्सव आला, निवडणूक आली की प्रेस नोट येते, अमुक इतक्या जणांवर प्रतिबंधात्मक कारवाई. हा आकडा पोलिसांच्या कामगिरीचा असतो. त्यातली प्रत्येक चॅप्टर केस ज्या टेबलावर तपासली जायला हवी, ते टेबलही त्याच कामगिरीत मोजलं जातं. आमच्या दहा हजारांच्या एनईएफटीला जेवढं संरक्षण आहे, तेवढं त्या मुलाच्या वर्षाला नाही.

‘चॅप्टर म्हणजे काय शिक्षा असते का? फक्त बंधपत्र तर असतं’, असं मला एका वकील मित्राने ऐकवलं. बंधपत्र मागितल्यावर जामीनदार मिळाला नाही तर काय होतं? तुरुंग. बंधपत्र दिलं आणि ते मोडलं असं ठरलं तर काय होतं? उरलेल्या मुदतीसाठी तुरुंग. 107 मध्ये मुदत वर्षापर्यंत, 110 मध्ये तीन वर्षांपर्यंत. आणि मोडलं हे कोण ठरवणार? तेच टेबल. मद्रास उच्च न्यायालयासमोर अशीच प्रकरणं आली होती, पोलिस उपायुक्तांनी बंधपत्र मोडलं म्हणून लोकांना आत टाकलेली. मार्च 2023 मध्ये त्या न्यायालयाने उपायुक्तांना कार्यकारी दंडाधिकारी करणारे तमिळनाडू सरकारचे आदेश घटनाबाह्य ठरवले. तो निकाल पुण्याला बांधील नाही, हे मला मान्य. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मुंबईच्या पोलिस आयुक्तांना असे अधिकार देणं कायद्यात बसतं असं म्हटलं आहे, हेही मान्य. बसत असेल. स्पेनचा 1980 चा कायदाही आठ वर्षं बसतच होता.

याच कलमांशी भांडलेला एक पुणेकर आपण विसरून गेलो आहोत. मधू लिमये. जन्म 1922, पुणे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. 1955 मध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात गेले, पोर्तुगीजांनी पकडलं, लष्करी न्यायाधिकरणासमोर उभं केलं आणि 12 वर्षांची शिक्षा ठोठावली. पकडणाराही सैनिक आणि निकाल देणाराही सैनिक, हे त्यांनी प्रत्यक्ष सोसलं. दीडेक वर्षाने सुटले. पुढे बिहारमधल्या मुंगेरचे खासदार झाले आणि नोव्हेंबर 1968 मध्ये स्वतंत्र भारतात लखीसराय स्टेशनवर पुन्हा पकडले गेले. तेव्हाचं त्यांचं प्रकरण आणि नंतर 107 व 144 या कलमांना दिलेलं आव्हान, दोन्ही सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर 1970 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश हिदायतुल्लांच्या नेतृत्वाखाली, निकाल दिला. कलमं घटनाबाह्य ठरली नाहीत, त्या अर्थाने लिमये हरले. पण पीठाने एक अट घातली, जी त्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी : माहिती खरी की खोटी याची चौकशी सुरू केल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला अंतरिम बंधपत्र मागता येत नाही. आधी चौकशी, मग कागद. नोटिशीतही तुमच्याविरुद्ध नेमकी काय माहिती आहे तिचा सारांश हवा. माझ्या नोटिशीत दोन ओळी होत्या, ‘सदर इसम भांडखोर वृत्तीचा असून’ अशी सुरुवात. चौकशी कुठली, मी गेलो आणि सही केली. मला घाई होती, चार वाजता कॉल होता. हे कबूल करतो, कारण ही व्यवस्था आमच्यासारख्यांच्या घाईवरच चालते.

तडीपारीत तर एवढंही नाही. महाराष्ट्र पोलिस अधिनियम, 1951 खाली उपायुक्त दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढू शकतो. आधार बहुतेकदा गोपनीय साक्षीदारांचा, आदेशात त्यांची नावं ‘अ’ आणि ‘ब’. अपील कोर्टात नाही, राज्य सरकारकडे. 2022 च्या जानेवारीत जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, आणि पूर्ण दोन वर्षं हाकलायचं तर ती का याची कारणं द्या. हे सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

आता कोयत्याकडे येतो, कारण खाली प्रतिक्रियांमध्ये कोयताच येणार आहे. ‘रात्री गाड्या फोडणारी पोरं तुझ्या दारात आली म्हणजे कळेल.’ माझ्या मावशीच्या गल्लीत आली होती, मला कळतं. रस्त्यावर कोयता घेऊन फिरणाऱ्याला पकडायला कुणीच अडवलेलं नाही. पोलिसांना त्यासाठी अटकेचे, झडतीचे, गुन्हा नोंदवायचे सगळे अधिकार आहेत आणि ते त्यांच्याकडेच राहावेत. प्रश्न पकडल्यानंतरचा आहे. आणि वेगाचंच म्हणाल, तर रिमांडसाठी न्यायदंडाधिकारी सुट्टीच्या दिवशीही बसतो. चोवीस तासांत आरोपीला हजर करायचं काम कोर्ट रोज करतं. ज्या कोर्टाला खुनाच्या आरोपीला रविवारी ऐकून घेता येतं, त्याला भांडखोर इसमाला मंगळवारी ऐकून घेता येणार नाही?

न्यायाधीश कमी आहेत, हा आक्षेप मात्र खरा आहे. विधी आयोगाने 1987 मध्ये दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं, आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. पण या आक्षेपाचं उत्तर न्यायाधीश नेमणं हे आहे. डॉक्टर कमी आहेत म्हणून आपण मेडिकलवाल्याला ऑपरेशन करू देत नाही, जरी निम्मं पुणं औषधं त्यालाच विचारून घेत असलं तरी.

आणखी एक गोष्ट मला टोचते, ती पुणेकर म्हणून. न्यायाचा विषय निघाला की आपण रामशास्त्री काढतो. नारायणराव पेशव्याच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर दोषी ठरवणारे आणि पुणं सोडून निघून जाणारे रामशास्त्री प्रभुणे. प्रभातने 1944 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, शाळेत आपण त्यांची गोष्ट ऐकली, आणि ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्द भाषेत राहिला. गोष्ट मोठी आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ती नीट ऐका. न्यायाधीशाने सत्य सांगितलं आणि जावं लागलं न्यायाधीशालाच. राघोबादादा होते तिथेच राहिले. नाना फडणीसांनी नंतर परत बोलावलं म्हणून रामशास्त्री परत आले. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा धडा असा, की ज्याला तपासायचं त्याच्याच पगारावर न्यायाधीश असेल तर बाणा असूनही भागत नाही. आपण त्यातला बाणा उचलला आणि पगार विसरलो. म्हणून आजही आपण म्हणतो, ‘साहेब चांगले आहेत.’ माझेही चांगले होते. साहेबांची बदली होते, खुर्चीची होत नाही.

करायचं काय, तर फार नाही. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे, महाराष्ट्राने जुन्या संहितेत स्वतःच्या दुरुस्त्या केलेल्या आहेत. 126 आणि 129 पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्याकडे देणारी दुरुस्ती विधिमंडळ करू शकतं. राष्ट्रपतींची संमती लागेल, वेळ लागेल. तोवर कलम 15 वाचा : सरकार पोलिस अधिकाऱ्याला ‘नेमू शकेल’, ‘नेमलंच पाहिजे’ असं तिथे लिहिलेलं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी हे अधिकार पोलिसांऐवजी महसूल अधिकाऱ्यांना देणारी अधिसूचना गृह विभाग उद्या काढू शकतो. आणि तेही नको असेल, तर निदान प्रत्येक चॅप्टर केसचा आदेश, कारणांसकट, कोर्टाच्या निकालांसारखा ऑनलाइन टाका. मी पोर्टल फुकट बनवून देतो, विकेंडला.

त्या मुलाला त्या दिवशी पुढची तारीख मिळाली, गुरुवारची. बाहेर येऊन त्याची आई हवालदाराला विचारत होती, गुरुवारी साहेब नक्की असतील ना? कारण आधीच्या दोन तारखांना साहेब बंदोबस्ताला गेले होते.